मँटलच्या १ कोटी २६ लाख डॉलरच्या कार्डावर सही नाही

‘मिकी मँटलची सही असलेलं बेसबॉल कार्ड सव्वा कोटी डॉलरला विकलं गेलं, तेव्हा घरातली जुनी कार्डं काढा आणि सह्या शोधा’ असा मजकूर फिरतो आहे. मँटल हा अमेरिकेचा गाजलेला बेसबॉलपटू आणि बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेलं, लोक हौसेने जमवतात ते छोटं कार्ड. किंमत बरोबर आहे, कारण साफ चुकीचं.

ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलेलं ते टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीचं १९५२ चं कार्ड, क्रमांक ३११. त्यावर मँटलने केलेली सही नाही. समोर दिसते ती छापलेली सही, त्या मालिकेतल्या सगळ्याच कार्डांवर तशी असते. पैसे मोजले गेले ते कोऱ्या करकरीत कोपऱ्यांचे: कार्डांची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीने त्याला १० पैकी ९.५ गुण दिले होते. शिवाय हे कार्ड दुर्मिळ: त्या मालिकेतली शेवटची कार्डं, ज्यात हेही होतं, तेव्हा खपलीच नाहीत आणि उरलेला साठा टॉप्सने १९६० मध्ये चक्क समुद्रात बुडवला!

सहीमुळे किंमत चढलेलं कार्ड हवंच असेल, तर बेसबॉलपटू माइक ट्राउटचं २००९ चं बघा. सही केलेली तशी एकच प्रत. २०२० मध्ये तिला ३९ लाख डॉलरवर मिळाले.

आणि सह्या शोधणाऱ्यांनो, जरा जपून. १९९० च्या दशकात एफबीआयने बनावट सह्यांची मोठी टोळी पकडली, त्यात मँटलच्या खोट्या सह्याही होत्या. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र नसेल तर जुन्या कार्डावरची शाई म्हणजे बहुतेकदा नुसता डागच.