डेक्कन क्वीनचं वाफेचं इंजिन लंडनला? आधी गेज मोजा

सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: डेक्कन क्वीनचं मूळ वाफेचं इंजिन इंग्रज लंडनला घेऊन गेले, १९९५ नंतर रेल्वेने शेकडो डब्ल्यूपी (ब्रॉडगेजवर प्रवासी गाड्या ओढणारी वाफेची) इंजिनं कवडीमोलाने परदेशात विकली आणि आज ती इंग्लंड-अमेरिकेत पर्यटकांच्या गाड्या ओढतात, एकेका फायरबॉक्समध्ये (बॉयलरमधल्या कोळसा जाळायच्या पेटीत) करोडोंचं तांबं होतं. शेवटी क्यूआर कोड आणि 'आपलं इंजिन परत आणायला' ५०१ रुपये. आमच्या काकांनी ते पाठवलेसुद्धा, म्हणून हा खटाटोप.

डेक्कन क्वीनचं आधी संपवू. अहो, कल्याण–पुणे मार्गावर १९२९ सालीच वीज आली. गाडी सुरू झाली १ जून १९३० ला, विजेच्या इंजिनावर. त्या जातीचं 'सर रॉजर लम्ली' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. जे नव्हतंच ते लंडनला कोण नेणार?

खरी थाप डब्ल्यूपीची. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, इंग्लंड-अमेरिकेतला रूळ १,४३५. फरक २४१ मिलिमीटरचा. 'चाकं थोडी आत घेतली की झालं,' असं कुणीतरी मेसेजखाली ठोकून दिलंय. घ्या बरं आत. चाकं प्रेसवर उतरवली, आखूड अ‍ॅक्सल घातले, प्रत्येक चाक बारा सेंटिमीटर आत आलं. पण चाकांच्या आतल्या अंगाला इंजिनाची फ्रेम आहे, चाक तिच्यावरच येऊन बसतं. म्हणजे फ्रेम आत घ्या. फ्रेमला सिलिंडर आवळलेले, तेही सरकवा, नाहीतर पिस्टन, क्रॉसहेड (पिस्टनला दांड्याशी जोडणारा तुकडा) आणि क्रँकपिन (चाकावरची खुंटी) एका रेषेत येत नाहीत आणि बेअरिंगचा भुगा होतो. मग ब्रेकचा सगळा सांगाडा, पुढच्या छोट्या चाकांची बोगी, टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा). एवढं करून मूळचं काय उरलं? बॉयलर. तोही इंग्लंडात अडचणीचाच, कारण तिथले पूल आणि बोगदे आपल्यापेक्षा बुटके नि अरुंद.

पुरावा हवाच असेल तर मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात बघा. १९११ साली इंग्लंडातल्याच व्हल्कन फाउंड्रीने फाळणीपूर्वीच्या आपल्या रेल्वेसाठी बांधलेलं ३१५७ क्रमांकाचं इंजिन पाकिस्तानातून परत तिथे नेलं. गेज आपलंच, १,६७६. ज्या देशात बनलं त्याच देशाच्या रुळावर ते चढू शकत नाही, म्हणून संग्रहालयात उभं आहे.

मग डब्ल्यूपी गेल्या कुठे? बहुतेक भंगारात. लिलावात लॉट घेणारा आधी पितळी इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र), व्हॉल्व्ह, बेअरिंगच्या ब्रास काढून घेतो. एकदा ते सुटे विकले गेले की इंजिन चालू करायचं विसरा. मग गॅसकटरने बॉयलरचे तुकडे करायचे आणि भट्टीकडे रवाना. तांब्याचं म्हणाल तर जुन्या विलायती इंजिनांचा आतला फायरबॉक्स तांब्याचा असे, डब्ल्यूपीचा पोलादी.

बरं, एक मान्य करावं लागतं. काही इंजिनं गेली. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचं ७७८ क्रमांकाचं इंजिन, बांधणी १८८९ ची, १९६० च्या दशकात अमेरिकेला गेलं आणि पुढे इंग्लंडला. माथेरानच्या छोट्या गाडीचं ७४० सुद्धा इंग्लंडात. पण दोन्ही दोन फुटी गेजची, ट्रेलरवर मावणारी, आणि तसले छोटे रूळ तिकडे हौशी मंडळींनी जपलेत. त्याआधी युगांडा रेल्वेनेही सुरुवातीला भारतातली जुनी इंजिनं नेली, कारण तिथलाही रूळ आपल्याकडच्या काही मार्गांसारखाच मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंद. जिथे गेज जुळलं तिथेच ती कामाला लागली.

उरला तो क्यूआर कोड. पैसे मागणाऱ्याला इंजिनाचा नंबर, गेज आणि ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. तिन्हींपैकी एकही आलं नाही तर ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी घेऊन लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे आणि इथे उशीर महागात पडतो, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकले की अडवणं अवघड होतं.