घाटाखाली उतरलेले पाणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला जाऊ लागली, त्याच महिन्यात मी तिथे मावशीकडे होते. मोरीत एक बादली होती. तांदूळ धुतलेले पाणी तिच्यात जमायचे, त्यात भांडी विसळायची आणि तेच पाणी शेवटी संडासात जायचे. त्यामुळे कोकणातून समुद्राला मिळणारे पाणी उपसून सह्याद्रीपलीकडे गोदावरी खोऱ्यात नेण्याच्या योजनेबद्दल शंका काढणे मला सोपे जात नाही. तरीही काढते, कारण मी ठाण्यात राहते आणि आमच्या नळाची गोष्ट नेमकी उलट दिशेची आहे.

ठाण्याच्या पाण्याचा एक वाटा शहाडजवळ उल्हास नदीतून उचलला जातो. मे महिन्यात कोकणातल्या नद्या आटतात, पण उल्हास वाहती राहते, ती मुख्यतः भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते पाणी अडवले जाते मावळात, आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणात, आणि आंद्रा ही इंद्रायणीमार्गे भीमेला मिळणारी नदी. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तिन्ही केंद्रांसाठी असे पूर्वेचे पाणी शंभर वर्षांपासून पश्चिमेला उतरवले जाते. म्हणजे सोलापूरकरांच्या, भीमेवरच्या उजनी धरणात जाऊ शकले असते असे पाणी आम्ही उन्हाळाभर पितो.

आता हिशेब पाहा. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर वर चढवायला, पंपातली घट धरून, पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज लागते. एका टीएमसीला, म्हणजे एक अब्ज घनफूट पाण्याला, सुमारे पाच कोटी युनिट, आणि तेही दरवर्षी. एका घाटातून पाणी खाली सोडून वीज करायची आणि दुसऱ्या घाटात वीज जाळून पाणी वर चढवायचे, हे मला पटत नाही. भीमेचे पाणी टप्प्याटप्प्याने भीमेकडेच सोडावे. उजनीतून उपसा करून धाराशिवकडे नेण्याची योजना आधीच हाती घेतलेली आहे. लातूर गोदावरी खोऱ्यात येते, त्यामुळे मावशीचा प्रश्न एवढ्याने सुटणार नाही, हे मान्य आहे. पण उपसा करायचाच असेल, तर तो उरलेल्या तुटीपुरताच असावा.

मात्र भीमेचे पाणी भीमेकडे सोडले, तर उल्हासची उन्हाळी धार बारीक होईल आणि तिची भरपाई आपल्यालाच करावी लागेल. नवी मुंबईने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते कारखान्यांना देण्याची केंद्रे उभारली आहेत. ठाणे, कल्याण, अंबरनाथच्या कारखान्यांना आणि बांधकामांना असेच पाणी सक्तीने द्यावे, आणि काळूसारख्या नव्या धरणासाठी मुरबाडच्या आदिवासी पाड्यांना उठवण्याचा विचार त्यानंतरच करावा.