ज्यांच्या गाडीत झोप लागते

"म्हणजे ड्रिफ्टिंग वगैरे शिकलीस का?"

ॲडव्हान्स्ड ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण घेतलंय म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. दुसरा असतो, "पण तुला तर गाडी येत होती की!" तिसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, तो चेहऱ्यावर दिसतो. आता ही आपल्याला शिकवणार का?

सहा वर्षं मी हे मनापासून करते आहे. या तिन्ही प्रश्नांबद्दल बरंच साचलंय, ते आज लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ड्रिफ्टिंगपासून सुरुवात करते, कारण सगळा गैरसमज त्या 'ॲडव्हान्स्ड' शब्दातच आहे. शब्द ऐकला की लोकांना टायरचा धूर, हँडब्रेक ओढून गर्रकन फिरवलेली गाडी असलं काहीतरी दिसतं. खरं कौशल्य याच्या अगदी उलट टोकाला आहे. ते चांगलं जमलं तर काहीच घडत नाही. ब्रेक करकचून लागत नाही, मागे बसलेल्याची मान हलत नाही, कपातलं पाणी सांडत नाही. काहीच न घडण्याला टाळ्या कोण वाजवणार? लोकांना ज्याचं कौतुक वाटतं तो कुठल्या तरी बिकट प्रसंगातून गाडी बालंबाल काढणारा असतो. "काय हात आहे त्याचा!" असं म्हणतात. त्या प्रसंगात तो मुळात सापडला कसा, हे कुणी विचारत नाही.

ही शिस्त जिथून आली ती गोष्ट मला फार आवडते. १९३० च्या दशकात लंडनच्या पोलिसांच्याच गाड्यांचे अपघात इतके होत होते की त्यांनी हेंडनला स्वतःची ड्रायव्हिंग शाळा काढली. पुढे मार्गदर्शनाला बोलावलं ते एका रेसिंग ड्रायव्हरला, कॉटनहॅमचे अर्ल मार्क पेपिस यांना. शर्यतीतला माणूस पोलिसांना आणखी जोरात पळवायला शिकवेल असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यातून आकाराला आली ती एक क्रमबद्ध पद्धत: आधी माहिती घ्या, मग गाडीची जागा ठरवा, मग वेग, मग गिअर, आणि सगळं जुळल्यावरच ॲक्सिलरेटर. आजही जगभरातले प्रशिक्षक थोड्याफार फरकाने हाच क्रम शिकवतात. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स' स्थापन झाली आणि ही पद्धत पोलिसांच्या बाहेर, तुमच्याआमच्यासारख्यांपर्यंत आली.

यातली एक गोष्ट नीट सांगते, कारण तिने माझं गाडी चालवणं मुळापासून बदललं.

वळण जवळ येतं तेव्हा रस्त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेच्या रेघा पुढे कुठेतरी एकमेकींना मिळताना दिसतात. त्या बिंदूला लिमिट पॉइंट म्हणतात. तिथपर्यंतचाच रस्ता तुम्हाला खरा दिसतोय. त्यापलीकडे ट्रक बंद पडलेला असू शकतो, गुरं असू शकतात, एखादं पोर सायकलवरून पडलेलं असू शकतं. आता तो बिंदू काय करतोय ते बघत राहायचं. तो झपाट्याने जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. आपल्याच वेगाने पुढे सरकत असेल तर आहे तो वेग धरून ठेवा. लांब पळायला लागला की रस्ता मोकळा होतोय, आता वेग वाढवू शकता. दिसणाऱ्या मोकळ्या जागेत थांबता आलं पाहिजे, बस्स, एवढाच नियम. आणि समोरून येणाऱ्याचीही वाट तीच असेल, म्हणजे रस्ता एकपदरी अरुंद असेल, तर दिसणाऱ्या जागेच्या निम्म्यातच थांबता आलं पाहिजे, कारण उरलेली निम्मी त्याला लागणार.

हे कळण्याआधी पंधरा वर्षं मी वळणं 'अंदाजाने' घेत होते. अंदाज म्हणजे काय, तर आजवर तिथे काही नव्हतं म्हणून आजही नसेल. हे समजलं त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ गप्प बसले होते. पंधरा वर्षांतल्या कित्येक वळणांवर मागच्या सीटवर मुलं होती.

याच्या मुळाशी साधं भौतिकशास्त्र आहे. चारही टायर मिळून रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम चार तळहातांएवढा असतो. त्या चार तळहातांत जी पकड आहे तीच ब्रेकला वापरायची आणि तीच वळायला. ब्रेकने सगळी खर्च केली तर वळायला काही उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवायचा. आणि वेगाचा हिशेब सरळ नाही, वर्गाच्या पटीत आहे. ताशी ७० किलोमीटरवरून १०० वर गेलं तर थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट होते. ७० च्या वेगातली गाडी जिथे पूर्ण थांबते, अगदी त्या जागी, तेवढेच ब्रेक तेव्हाच लावलेली १०० ची गाडी अजून ताशी ७१ किलोमीटरने जात असते. हे गणित मी स्वतः दोनदा करून पाहिलं, कारण विश्वास बसेना. तुम्हीही करून बघा.

आता चेष्टेबद्दल.

प्रशिक्षणात एक सराव असतो. गाडी चालवताना जे दिसतंय आणि त्यावर आपण काय करणार आहोत ते मोठ्याने बोलत राहायचं. "डावीकडे उभी गाडी, चाकं वळलेली, निघू शकते, थोडं उजवीकडे. पुढच्या बसमधून माणसं उतरतायत, बससमोरून कुणी तरी येणार, पाय ब्रेकवर." पहिल्या आठवड्यात माझ्या मावसभावाने हे ऐकलं आणि घरच्या प्रत्येक समारंभात त्याची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जपानी रेल्वेत मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, आणि तिथल्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगात या सवयीने चुका जवळपास ८५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रुग्णाचं नाव आणि अवयव मोठ्याने वाचतात. वैमानिक उड्डाणाआधी यादी वाचतात आणि ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा परीक्षा देतात. त्यांना आपण काटेकोर म्हणतो, आणि ते तसे आहेत म्हणून निर्धास्त बसतो. गाडीचं लायसन्स मात्र एकदा मिळालं की विषय संपला. त्यानंतर पुन्हा शिकायला जाणं म्हणजे कुठेतरी कमी असल्याची कबुली!

१९८१ मध्ये स्वीडनमधल्या एका मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी किती कौशल्याने चालवता? अमेरिकी गटातल्या ९३ टक्क्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, स्वीडिश गटातल्या ६९ टक्क्यांनी. शंभरातले त्र्याण्णव जण वरच्या पन्नासात मावत नाहीत. पण आपण सगळे तिथेच राहतो. म्हणून "मी शिकायला गेले" हे वाक्य ऐकणाऱ्याला "तुला येत नाही" असं ऐकू येतं.

बाईने हे केलं तर त्यात आणखी एक थर चढतो. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर पुरुषाने ठेवलं तर तो शांत डोक्याचा. मी ठेवलं तर "घाबरते बिचारी, अजून हात बसला नाही." ताशी १०० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. दोन सेकंद म्हणजे जवळपास ५६ मीटर. त्यातला बराचसा भाग डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. ही भीती नाही, हिशेब आहे. "पण मध्ये गाड्या घुसतात ना," असं सगळे म्हणतात. घुसू देत. एक गाडी घुसली की मी दोन सेकंद मागे जाते. दहा घुसल्या तर वीस सेकंद. पूर्ण प्रवासात वीस सेकंद उशीर झाला म्हणून माझं आजवर काही अडलं नाही.

इथवर मी माझी बाजू मांडली. पण तिसऱ्या प्रश्नाचं, त्या न विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर मला द्यायचंय, कारण लोकांचा तो संशय निराधार नाही.

आमच्यातलेच काही लोक या तंत्रांना दागिन्यासारखं मिरवतात. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत-ढकलत फिरवायचं की हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी स्थिर ठेवायचे, ब्रेक आणि गिअर एकाच वेळी चालतील की नाही, यावर तासन् तास भांडतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना त्यांचे वेग आपोआप जुळवणारी रचना, आणला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. आजच्या साध्या गाडीत डबल डिक्लचची, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबण्याची, गरज उरलेली नाही, तरी तो येत नाही म्हणून दुसऱ्याला कमी लेखणारे मी पाहिलेत. मला वाटतं की हे लोक रस्त्याकडे पाहायचं सोडून स्वतःच्या हातापायांकडे पाहतात.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. १९९६ मध्ये स्वीडनमध्येच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तरुण चालकांच्या एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक मारत अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच सरावातून हे दाखवून दिलं की अशा प्रसंगी आपल्या कौशल्यावर भरवसा ठेवता येत नाही. नंतरच्या चाचणीत दोन्ही गटांचं प्रत्यक्ष कौशल्य सारखंच निघालं. फरक एवढाच होता की पहिल्या गटाला आपण जास्त चांगले आहोत असं वाटत होतं. हे वाचून मी हादरले. शिकवण्याने हात सुधारला नाही आणि खात्री मात्र वाढली, तर ते शिक्षण माणसाला मारू शकतं. तेव्हापासून मला कुणी विचारलं की घसरणारी गाडी सावरायचं शिकू का, तर मी म्हणते, आधी गाडी घसरेल अशा वेगात न जाण्याचं शिका. एक सराव मात्र प्रत्येकाने करावा: जाणकार सोबत घेऊन, रिकाम्या बंदिस्त मैदानात, एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, असलेल्या गाडीचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून बघावा. बहुतेकांनी आयुष्यात तो तसा दाबलेलाच नसतो. पायाखाली पेडल थरथरलं की घाबरून पाय काढतात. ते थरथरणं म्हणजे यंत्रणा काम करतेय, पाय तसाच ठेवायचा. १९७८ मध्ये मर्सिडीजमध्ये बॉशची ही यंत्रणा आली ती चाकं लॉक न होता स्टिअरिंग चालू राहावं म्हणून. आपण पाय काढला तर तिचा उपयोग काय?

आणि आता माझी स्वतःची चूक सांगते.

प्रशिक्षण संपल्यावरच्या वर्षी मी धाकट्या बहिणीच्या शेजारी बसून जात होते. ती दहा वर्षं गाडी चालवत होती. मी बोलत राहिले. आरसा बघितलास का, इथे उशिरा ब्रेक लावलास, हात खाली घे, जवळ जाऊ नकोस. चाळीस मिनिटं. तिने शांतपणे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ताई, तूच चालव." पुढचे आठ महिने मी सोबत असताना तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. मी तिला सुरक्षित करायला निघाले होते आणि तिचा आत्मविश्वास काढून घेतला. चालकाचं लक्ष विचलित करू नये हा पहिला धडा. तो मीच मोडत होते, तोही तिला शिकवण्याच्या नावाखाली. मी तिची माफी मागितली. त्यानंतर तिच्या गाडीत तोंड बंद ठेवायला शिकले, आणि इतकं अवघड तंत्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी चालवायची तेव्हा ती शेजारी बसायची. काही विचारायची नाही, मीही सांगायची नाही. आई मागे बसली की दहा मिनिटांत झोपायची. पूर्वी माझ्या गाडीत आई कधीच झोपत नसे, दाराचं हँडल धरून बसायची. ते बहिणीच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

मागच्या पावसाळ्यात ती चालवत होती, मी शेजारी होते. संध्याकाळची वेळ, रस्ता ओला, पुढे डावीकडे आवळत जाणारं वळण आणि आतल्या बाजूला उंच झाडी. माझा पाय आपोआप खाली दाबला जाणार, त्याआधीच गाडी हळू झाली. ब्रेक कधी लागला ते कळलंही नाही. वळणापलीकडे एक ट्रॅक्टर उभा होता, मागे दिवा नव्हता. ती त्याच्या मागे आरामात थांबली, समोरचं बघून बाजूने निघाली. मी एक शब्द बोलले नाही. घरी पोचल्यावर मात्र राहवलं नाही, विचारलं, "तिथे एवढी हळू का झालीस गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलं होतं.

"पुढचं दिसत नव्हतं ना," ती म्हणाली, आणि आईला उठवायला मागचं दार उघडलं.