स्वतःचा क्लोन काढायचाय? या भो, बसा

तर भाऊ, तुम्ही ठरवूनच टाकलंय की तालुक्यात तुमच्यासारखा माणूस परत होणे नाही, म्हणून आपला एक क्लोन, म्हणजे त्याच जनुकांचा दुसरा नमुना, काढून ठेवायचा. चांगलंय. चौकात बॅनरवर तुम्ही डबल-तिबल दिसताच, आता खरे पण डबल व्हा.

काम तसं सोपं आहे. तुमच्या कातडीची एक पेशी घ्यायची, एका बाईची अंडपेशी घ्यायची, तिचं केंद्रक काढून फेकायचं, तिथं तुमची पेशी बसवायची आणि बारीकसा करंट द्यायचा की झालं. फक्त शेती फीडरवर थ्री फेज कधी येते ते बघून टाईम घ्या.

आता एक अंडपेशी पुरेल असं वाटत असेल तर तसं नसतं भो. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेवाल्यांनी डॉली नावाच्या क्लोन मेंढीसाठी 277 अंडपेशी जोडल्या, त्यातून 29 गर्भ टिकले, ते 13 मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि 5 जुलै 1996 ला कोकरू झालं किती, तर एक. म्हणजे तुम्हाला शे-दोनशे अंडपेशी लागतील, नऊ महिने पोटात वागवायला बाया लागतील, आणि मधे किती गर्भ पडतील त्याचा हिशोब कोणी मागायचा नाही. बचत गटात विषय काढून बघा. मी सोबत येणार नाही. कोरियात ह्वांग वू सुक नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते, त्यांनी तर आपल्याच लॅबमधल्या पोरींच्या अंडपेशी वापरल्या आणि लपवलं, मग 2005 च्या शेवटी कळलं की माणसाच्या क्लोन पेशींचा सगळा डेटाच बनावट. तुम्हाला बिल बनवायचा अनुभव आहेच म्हणा.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमावलीत मनाई आहे, पण माणसाच्या क्लोनिंगवर युनोचा 2005 चा जो ठराव आहे तो बंधनकारक नाही, म्हणजे आपल्या ग्रामसभेसारखंच. खरा घोळ सातबाऱ्याला. जनुकांनी तो तुमचा जुळा भाऊ, जन्मानं पोरगा, मग वारस लावायचा की हिस्सेदार? तलाठी आप्पांना विचारून ठेवा, नाहीतर दिवाणीत तुमचीच केस तुमच्यावर.

आणि तो काय मिशीसकट गाडीतून उतरणार नाही हो, लंगोटात येईल, तो वीसचा होईस्तोवर तुम्ही सत्तरीला टेकाल. तुमच्यासारखाच निघेल याची पण गॅरंटी नाही. टेक्सासला 2001 मधे सीसी नावाचं क्लोन मांजर झालं, मूळ मांजर तीनरंगी आणि हिच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपका नाही. जिथं मांजराचा रंग जुळला नाही तिथं तुमचं पॅनल काय जुळणार, उद्या सोसायटीला समोरून उभा राहिला तर रडू नका. शुगर मात्र तुमचीच घेऊन येईल बहुतेक, तिला कोण अडवतो.

खरं तर तुम्हाला हे सांगायचीच गरज नव्हती, तुमच्या रावेरच्या वावरात हजारो क्लोन उभे आहेत ना. केळीला बी कुठंय, बुडातून फुटलेला मुनवा लावा नाहीतर लॅबमधली टिश्यू कल्चरची ग्रँड नैन जात आणा, तीच ती. घड सारखे, कापणी एकदम, व्यापारी खूश. आणि सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा? एकीला लागला तो सगळ्यांना लागला, कारण एकीतही दुसरीपेक्षा वेगळा दम नव्हता, तुम्हीच मजूर लावून रोपं उपटली आणि बांधावर बसून कपाळाला हात लावला. त्याआधी सगळं जग ग्रॉस मिशेल केळी खायचं, ती पण अशीच एकसारखी होती, पनामा रोगानं बाजारातून उठली. पण ते केळीचं झालं, तुमचं वेगळं असणार.

फारच घाई असेल तर आधी म्हशीवर ट्राय करा. हरियाणात कर्नालला 2009 मधे पहिलं क्लोन पारडू झालं ते आठवडाभर पण जगलं नाही, मग गरिमा झाली ती टिकली. म्हैस निदान दूध तरी देते.

बाकी ॲडव्हान्स द्यायच्या आधी एवढं ठरवून घ्या, पुढच्या वाढदिवसाला बॅनरवर मधे मोठा फोटो कोणाचा आणि खाली शुभेच्छुकांत बारका कोणाचा.