खोटी म्हातारी

गाडी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर एक स्पंज होता. भांडी घासायचा नव्हे. चांगला विटेएवढा, पिवळाधमक. गाडी विकणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. स्पंजाचं प्रयोजन विचारल्यावर गोड हसून म्हणाल्या, "पावसाळी दिवसांत ती जरा खोडकरपणा करते."

मी इंग्लंडमध्ये चोवीस वर्षं आहे आणि मला इंग्रजी येतं असा माझा समज आहे. पण जुनी गाडी विकणाऱ्या इंग्रज माणसाचं इंग्रजी हा वेगळाच प्रांत आहे. 'तिचा स्वतःचा स्वभाव आहे' म्हणजे ती सकाळी सुरू होत नाही. 'तिला घाई आवडत नाही' म्हणजे चढावर मागचे लोक हॉर्न देतात. आणि 'जरा' म्हणजे भरपूर. आमच्या पुण्यात असं नसतं. तिथे विकणारा दारातच सांगतो, "आहे ही अशी आहे, पटलं तर घ्या, नंतर तक्रार घेऊन यायचं नाही." अपमान होतो, पण फसवणूक होत नाही.

गाडी होती निस्सान फिगारो, 1991 ची. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गोल डोळे, क्रोमची जाळी, पांढरं छप्पर, आत पांढऱ्या चामड्याच्या सीटा आणि हस्तिदंती रंगाची बटणं. पन्नाशीच्या दशकातल्या कुठल्यातरी युरोपियन नटीची असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती जपानी आहे, आणि त्या क्रोमखाली दडलेली आहे निस्सानचीच साधीसुधी छोटी गाडी, मायक्रा. 1989 मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात ही मांडली तेव्हा लोक असे तुटून पडले की आठ हजारांचा बेत वीस हजारांवर गेला आणि तरी कोणाला मिळणार हे सोडत काढून ठरवावं लागलं. निस्सानने ती जपानबाहेर कधी विकलीच नाही. पण जपानी लोकही आपल्यासारखेच डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे वापरून झालेल्या फिगारो बोटींत भरभरून इंग्लंडला आल्या. इथल्या लोकांनी त्यांना लेकीबाळींसारखी नावं दिली. हिचं नाव मॅबेल होतं. नाव बदलायचं नाही ही बाईंची अट होती. किमतीत शंभर पौंड सोडायला त्या तयार झाल्या, नावावर मात्र तडजोड नाही.

चार रंगांत निघाली होती, चार ऋतूंचे चार. आमची उन्हाळ्याची, म्हणजे फिकट पाणेरी. माझी बायको एका कंपनीत ऑडिटर आहे. फोटो बघून ती एवढंच म्हणाली, "ससून हॉस्पिटलच्या भिंतीला असा ऑइलपेंट असायचा."

मुळात ही अवदसा मला का आठवली, ते सांगायला हवं. आमच्याकडे 1981 सालची प्रीमियर पद्मिनी होती. कंपनीने नाव काहीही दिलं तरी घरात आणि गल्लीत ती फियाटच. क्रीम रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, डॅशबोर्डखाली चोक. हिवाळ्यात चोक किती ओढायचा हे ज्ञान अण्णांनी कोणाला दिलं नाही. ते बहुधा मृत्युपत्रातच निघेल. दर मे महिन्यात साताऱ्याला मामाकडे जाताना ती खंबाटकीच्या घाटात उकळायची. मग बॉनेट उघडून आम्ही सगळे कठड्यावर बसायचो, आई पुरीभाजीचा डबा काढायची, आणि अण्णा डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून रेडिएटरचं झाकण इतक्या हळुवारपणे फिरवायचे की जणू आत बाळ झोपलंय. लहानपणी मला वाटायचं, घाट हे जेवायला थांबण्यासाठीच बांधतात.

तर छपन्नाव्या वर्षी, लंडनच्या हद्दीबाहेरच्या स्लाउमधल्या घराच्या उबेत, मला क्रोमची गाडी हवीशी वाटली. पद्मिनी इथे कुठून मिळणार? फिगारो मिळत होती. दोन्हींचा एकमेकींशी सुतराम संबंध नाही, हे मला कळत होतं. पण गोल दिवे दिसले की माणसाचं डोकं चालत नाही.

डोकं चालवायला बायको होतीच. इकडे जुन्या गाडीची सहसा वर्षाला एकदा तपासणी होते, एमओटी म्हणतात तिला. गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनचे सगळे निकाल सरकारी साइटवर फुकट वाचायला मिळतात. पास, नापास, आणि पास असेल तरी खाली मास्तरांचे शेरे. मॅबेलचं हे प्रगतिपुस्तक बायकोने छापून काढलं, पिवळ्या मार्करने रंगवलं आणि रविवारी पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवलं.

"2011, डाव्या बाजूला खाली गंज, फार नाही. 2012, डाव्या बाजूला खाली गंज. 2014, दोन्ही बाजूंना गंज. 2016 ला नापास. 2017 ला वेल्डिंग करून पास, आणि शेरा काय? मागच्या चाकावर गंज." तिने मान वर केली. "गंज प्रवास करतोय. तुझ्यापेक्षा जास्त फिरलाय."

"या हवेत सगळ्याच गाड्यांना..."

"आणि हे बघ. 2012 ला एकसष्ट हजार. 2013 ला एकोणचाळीस हजार. गाडी वर्षभर रिव्हर्समध्ये चालवली का?"

इथे मात्र मी जिंकलो. जपानी मीटर किलोमीटरमध्ये असतो. एका वर्षी तपासणाऱ्याने किलोमीटर लिहिले, पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याचे मैल केले. हे मी समजावून सांगितलं. तिने कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, हिशेब जुळला, आणि तिचा चेहरा पडला. ऑडिटरला चूक सापडण्याइतकंच, सापडलेली चूक चूक नाही हे कळणंही लागतं.

गाडी घेतली. सात हजार नऊशे पौंड, स्पंजासकट.

घरी आणतानाचा सव्वा तासाचा प्रवास मला जन्मभर पुरेल. वेगाचा काटा किलोमीटरचा, रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या. बाईंनी त्यावर तोडगा म्हणून काचेवर नेलपॉलिशचे तीन ठिपके दिले होते: अठ्ठेचाळीसवर, चौसष्टवर आणि एकशेबारावर. म्हणजे गावात तीस मैल, काही मोठ्या रस्त्यांवर चाळीस, मोटरवेवर सत्तर. पन्नासचा ठिपका नव्हता. पन्नासची पाटी आली की मी चौसष्ट आणि एकशेबाराच्या मध्ये कुठेतरी अंदाजाने तरंगत होतो. तिसऱ्या ठिपक्यापर्यंत गेलो नाही. तिकडे काटा सरकायला लागला की छतातून कोणीतरी ओठ मिटून शीळ घालावी तसा आवाज यायचा.

रेडिओ मूळचा होता आणि छान चालत होता. फक्त त्या काळी जपानमध्ये एफएम 76 पासून 90 पर्यंत असायचं आणि इंग्लंडमध्ये 87.5 पासून 108 पर्यंत. त्यामुळे या दोन देशांची गाठ त्या रेडिओवर अडीच आकड्यांपुरती पडते, आणि त्या फटीत बसते बीबीसी रेडिओ टू. बाकी काही नाही. मॅबेलमध्ये बसलात की रेडिओ टू ऐकायचा, नाहीतर पाऊस. बाई निघताना म्हणाल्या होत्या, "रेडिओ तसा एकनिष्ठ आहे." त्याचा अर्थ मला आता कळला.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. वय सत्त्याऐंशी, मुक्काम सदाशिव पेठ. मी फोन गाडीभोवती फिरवून सगळी प्रदक्षिणा घातली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, गहिवरले.

"इंजिन केवढं आहे?"

"नऊशे सत्त्याऐंशी सीसी. टर्बो आहे, अण्णा."

"आपल्या फियाटचं एक हजार एकोणनव्वद होतं." मग जरा थांबून, "आणि गिअर कुठाय?"

"ऑटोमॅटिक आहे."

"मग तू काय करतोस?"

उत्तर नव्हतं, म्हणून मी छप्पर उघडून दाखवलं. छप्पर हाताने मागे घ्यायचं असतं. कड्या सोडायच्या, मागचं झाकण उचलायचं, कापडाची घडी नीट बसवायची, झाकण लावायचं. साडी नेसवण्याइतकं अवघड नसलं तरी बोहल्यावर मुंडावळ्या बांधण्याइतकं नक्की आहे. छप्पर आत गेलं की मागे सामानाला जागा अशी फार उरत नाही. एक मोदकांचा डबा राहतो. हे मी मोजून सांगतोय, कारण पुढे तो ठेवायची वेळ आली.

पण त्याआधी लंडन. लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. आधी हे मधल्या शहरापुरतं होतं, ऑगस्ट 2023 पासून सगळ्या लंडनला लागू झालं. पेट्रोलची गाडी साधारण 2006 नंतरची असेल तर सुटते. मॅबेल अर्थातच सुटत नाही. मात्र गाडी चाळीस वर्षांची झाली की ती ऐतिहासिक ठरते. मग हा दंडही माफ, रोड टॅक्सही माफ आणि एमओटीसुद्धा माफ. म्हणजे खरोखरची जुनी गाडी धूर सोडत ऐटीत फिरणार, आणि हिने? हिने जन्मल्यापासून वय वाढवून सांगितलं, चार पिढ्या हिला 'आजीची गाडी' म्हणाल्या, आणि सरकारी कागदावर ही अजून पस्तिशीची पोर! 2032 पर्यंत थांबा म्हणे. उलट वय चोरणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांना कोणी दंड करत नाही. वय वाढवून सांगणारीलाच करतात.

बायकोने हा आकडा वहीत लाल शाईने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

तरीही गणपतीत गाडी डॉलिस हिलला न्यायचीच असं मी ठरवलं. महाराष्ट्र मंडळ लंडनची तिथे स्वतःची वास्तू आहे, मंडळ 1932 पासूनचं. लंडनच्या आसपासचा मराठी माणूस वर्षभर कुठेही दडून बसला तरी आरतीला तिथे उगवतो. गाडी दाखवायला याहून चांगला प्रेक्षक मिळणार नव्हता. बायको पुढे, मुलगी मागे गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर स्पंज, आणि डिकीत एकवीस मोदकांचा डबा.

दाखवणं झकास झालं. आरतीला जाणारे थांबत, येणारे थांबत. पन्नाशीपुढचा प्रत्येक पुरुष गाडीभोवती एक फेरी मारी, टपावर हात ठेवी आणि ठराविक वाक्य बोले: "आमच्याकडे फियाट होती." एका गृहस्थांकडे तर डुक्कर फियाट होती, उलट्या दारांची. त्यांच्यापुढे आम्ही सगळे कालची पोरं ठरलो. मी इंजिन बंद ठेवून दिवे चालू ठेवले होते. गोल दिव्यांचा उजेड ओल्या रस्त्यावर फार सुंदर पडतो.

व्हायचं तेच झालं. रात्री साडेदहाला किल्ली फिरवली, तर आतून फक्त 'टक्' असा एक आवाज आला.

मला मदत मागावी लागली नाही. त्या 'टक्' ने काय जादू केली कोण जाणे, सहा जण धावत आले. त्यात एक हृदयरोगतज्ज्ञ, दोन बँकवाले, एक कीर्तनकार. सगळ्यांनी झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या. तीस-चाळीस वर्षांत कोणी त्यांना गाडी ढकलायला बोलावलं नव्हतं. डुक्कर फियाटवाल्यांनी सूत्रं हाती घेतली: "दुसऱ्यावर टाका! मी सांगेन तेव्हा क्लच सोडा! हं, गणपतीबाप्पा..."

"मोरया!"

गाडी हलली. पाऊस, झब्बे, मोरया, मागून बायकामुलं टाळ्या वाजवताहेत. शंभरेक पावलं आम्ही अशी गेलो. वेगही चांगला आला.

"सोडा क्लच!"

तेव्हा मला आठवलं. मी काच खाली केली आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं की हिला क्लच नाही.

धाप लागलेली शांतता. मग डॉक्टर म्हणाले, "ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होतच नाही." हे त्यांना पहिल्या पावलालाही ठाऊक असणार. पण गाडीच्या पाठीवरचा हात कोणी काढला नाही. कीर्तनकारबुवांनीच शेवटी सुचवलं, "आलोच आहोत तर त्या दिव्याच्या खांबापर्यंत नेऊ."

खांबापर्यंत नेली. तिथे एका बँकवाल्याने आपली टोयोटा आणून वायरी जोडल्या आणि मॅबेल सुरू झाली, रेडिओ टू सकट. तोवर सव्वाअकरा होऊन गेले होते. लंडनचा दिवस मध्यरात्री बदलतो, त्यानंतर हद्दीत गाडी दिसली की दुसरे साडेबारा. बायको घड्याळाकडे बघत होती, मी तिसऱ्या ठिपक्याकडे. शीळ ऐकू येऊ लागली, मुलीने स्पंज छताला लावून धरला. हद्द ओलांडली तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

"पंचवीस," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सगळं सांगितलं. पावसाचं, मोदकांचं, दंडाचं. त्यांनी त्यातलं काहीच मनावर घेतलं नाही.

"धक्क्याला किती जण होते?"

"सहा."

"सहा!" ते पलीकडे कोणालातरी सांगायला वळले. आवाजात आनंद मावत नव्हता. "आपल्या फियाटला दोघं पुरायचे."