खुलासा : हृदयरुग्ण, व्यायाम आणि कामजीवन

पुण्यात सारसबाग-तळजईच्या सकाळच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय : ‘अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी व्यायाम आणि शरीरसंबंध कायमचे बंद करावेत.’ हे चुकीचे आहे.

संबंधांवेळी हृदयावर येणारा ताण साधारण दोन जिने झपाझप चढण्याइतका. पर्वती चढून दाखवायची गरज नाही! तेवढ्या श्रमात छातीत दुखत नसेल, धाप लागत नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर बहुतेकांना मुभा असते. बायपासनंतर छातीचे हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे द्यावेत. नियमित चालण्याने हृदयाची क्षमता वाढते, रक्तवाहिन्या सुधारतात आणि पुरुषांमधील लिंगाला पुरेशी ताठरता न येण्याची तक्रारही अनेकदा कमी होते. उलट ताठरता कमी होऊ लागली, तर ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. लाजून गप्प बसू नका.

खरा धोका संदेशात नाहीच : छातीत दुखण्यावरच्या नायट्रेटच्या (जिभेखाली ठेवायच्याही) गोळ्या घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही ताठरतेसाठीची औषधे अजिबात घेऊ नयेत. रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरतो. मेडिकलमधून परस्पर तर मुळीच नको. आणि ताठरता कमी झाली म्हणून बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणारे औषध) आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.