हो हो, दिसला!

माझ्या यादीतले निम्मे पक्षी मी पाहिलेलेच नाहीत. यादीत ते आहेत, अगदी तारीख आणि वेळेसकट आहेत, पण त्या तारखेला त्या वेळी मी एका फांदीकडे तोंड करून "हो हो, दिसला, मस्त!" असं म्हणत होतो आणि फांदीवर फक्त फांदी होती.

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप उन्हाळाभर झोपलेला असतो, कुणीतरी खिडकीतला पारवा टाकतं, कुणीतरी त्याला अंगठा देतं, संपलं. पण नोव्हेंबर आला की पहाटे साडेपाचपासून फोन थरथरायला लागतो. "तळ्यावर थापट्या बदकं, ४०+." "थिरथिरा आला!! मागच्या वर्षीच्याच कुंपणावर." मग तो मागच्या वर्षीचाच की दुसरा यावर दोन दिवस चर्चा, त्यात एकजण मध्येच पावलांच्या ठशाचा फोटो टाकून "बिबट्या??" असं विचारतो, दहा मिनिटं सगळे हादरतात आणि मग सर शांतपणे लिहितात की नखं उमटली आहेत, मांजरकुळातले प्राणी चालताना नखं आत घेतात, कुत्रा आहे. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत बिबट्याचा कुत्रा झाला, तो अजून सरांशी नीट बोलत नाही.

सर म्हणजे आमचे अॅडमिन. शिवाय एक लेन्सवाले काका आहेत, त्यांची लेन्स त्यांच्या हातापेक्षा लांब आहे. आणि एक ताई आहेत ज्या पक्षी बघतच नाहीत, नुसत्या ऐकतात. डोळे मिटून उभ्या राहतात आणि "बोरू वटवट्या, झुडपात, उजवीकडे" असं सांगतात, आपल्याला ऐकू आलेलं असतं एक "चट्". फिनलंडपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात घरटी करणारा पक्षी, हजारो किलोमीटर उडून इथे आला आणि झुडपात बसून दिवसभर काय बोलतो तर "चट्". बाहेर येत नाही. दहा-बारा ग्रॅमचा जीव, पण मान द्यायला तयार नाही.

मला या सगळ्यात कुणी ओढलं ते जाऊ दे, माझीच चूक आहे. मला वाटलं होतं हिवाळी पाहुणे म्हणजे रंगीबेरंगी काहीतरी असणार. ते तसे असतातही, पण तिकडे, उन्हाळ्यात, लग्नसराईत. आपल्याकडे यातले बरेचसे घरच्या कपड्यांत येतात. टिलवे, तुतवार, सगळे करडे. चिखलात करडा ठिपका चालतोय, शेजारी दुसरा करडा ठिपका चालतोय, आणि काका म्हणतात की हे बघा, दोन वेगळ्या जाती, पायांचा रंग बघा. पाय चिखलात आहेत हो! चक्रवाकासारखं एखादं भगवं बदक आलं की मला भरून येतं, निदान हे लांबून कळतं.

आणि दुर्बीण. आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. पहिला महिनाभर मी त्यातून स्वतःच्या पापण्या आठ पट बघितल्या. चष्मा असेल तर डोळ्याकडची ती रबरी वाटी फिरवून खाली बसवायची असते हे मला जानेवारीत कळलं. दुसरी गोष्ट म्हणजे दुर्बिणीने पक्षी शोधायचा नसतो, आधी नुसत्या डोळ्याने पक्षी धरायचा, नजर हलवायची नाही आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. ऐकायला सोपं आहे. मी नजर न हलवता दुर्बीण आणतो तेव्हा समोर आकाश असतं, नाहीतर शेजाऱ्याचा कान.

तर आता मुख्य प्रकरण. डिसेंबरातला रविवार, आम्ही नऊजण एका बाभळीखाली, बोटं गारठलेली, आणि ताईंनी डोळे मिटले. "टिर्रर्र... ऐकलंत? माशीमार." लाल छातीचा माशीमार. नावावर जाऊ नका, लाल छाती फक्त मोठ्या नराला, तीही गळ्यापाशी नारिंगी, मादी आणि पोरं साधी मळकट पांढरी, म्हणजे दिसतात त्यातल्या बहुतेकांचा नावाशी काही संबंध नाही.

"तो बघा, तिसऱ्या फांदीवर," सर कुजबुजले.

बाभळीच्या फांद्या तुम्ही मोजून बघा एकदा. कुठून तिसरी? खालून? डावीकडून? "ती वाळकी आहे ना, तिच्या मागची," दुसरं कुणीतरी. सगळ्याच वाळक्या होत्या. "हलतंय बघा ते!" वारा सुटलेला, अख्खं झाड हलत होतं. एकेक करून सगळ्यांच्या तोंडून तो आवाज आला, "आह", "अरे वा", "काय गोड", आणि मग आठही जणांनी माझ्याकडे पाहिलं. वैताग नव्हता त्यांच्या नजरेत, तेच तर. नजरेत माया होती, पेशंटला विचारतात ना, आज बरं वाटतंय का, तशी.

"दिसला?" सरांनी चौथ्यांदा विचारलं.

"हो हो, दिसला! मस्त!"

आणि वर मी अजून दोन-तीन मिनिटं दुर्बीण खाली केली नाही, कारण मी अजून शोधत होतो. हे दोन-तीन मिनिटांचं प्रकरण पुढे अंगाशी आलं.

संध्याकाळी काकांनी ग्रुपवर फोटो टाकला. कॅमेऱ्याने फोकस पुढच्या पानावर धरला होता त्यामुळे पान अप्रतिम आलं होतं, शिरा न शिरा दिसत होती, मागे एक धुरकट गोळा. खाली लिहिलं होतं "रेकॉर्ड शॉट". (फोटो हलला, जळला, पक्षी अर्धा कापला गेला की त्याला रेकॉर्ड शॉट म्हणतात, हा या छंदातला सगळ्यात कामाचा शब्द आहे.) त्यावर कुठल्यातरी दुसऱ्या गावच्या जाणकाराने शंका काढली की हा लाल छातीचाच कशावरून, तैगा माशीमार नसेल कशावरून?

तर हे दोघे इतके सारखे की आधी दोघांना एकच जात मानायचे. लाल छातीचा पूर्व युरोपाच्या बाजूचा, तो हिवाळ्यात आपल्याकडे येतो. तैगा सायबेरियाकडचा, तो जातो पूर्व भारत, ईशान्य आणि पुढे आग्नेय आशियात, म्हणजे आमच्या बाभळीवर त्याचं काही काम नाही आणि म्हणूनच तो दिसला तर बातमी. ओळखायचं कसं, तर चोचीवरून. लाल छातीच्या चोचीचा खालचा भाग बुडाशी फिका असतो, तैगाची चोच जवळजवळ सगळी काळी. आणि शेपटीच्या मुळाशी वरून जी पिसं असतात ती तैगाची शेपटीपेक्षाही काळीकुट्ट. पक्षी केवढा, तर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम बारा सेंटिमीटर. त्यातली चोच केवढी आणि त्यातला चोचीचा खालचा भाग केवढा, करा हिशोब.

"चोच कुणी नीट पाहिली का?" सरांनी विचारलं. ग्रुप शांत. मग त्यांनी मला टॅग केलं. "तुम्ही बराच वेळ बघत होतात."

बघा, आठ जणांना पक्षी दिसला होता म्हणून त्यांनी पाच सेकंदात दुर्बिणी खाली केल्या होत्या. ज्याला दिसला नव्हता तो एकटा शेवटपर्यंत बघत राहिला होता, त्यामुळे तो साक्षीदार नंबर एक. मी विचार केला, चोच काय रंगाची असणार, बहुतेक चोची काळ्याच असतात. लिहिलं, "काळी वाटली."

"पूर्ण?"

आता मागे कसं येणार. "हो."

"आणि शेपटीच्या वरची पिसं?"

"तीही काळीच."

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं ते मी नुसतं बघत होतो, टाळ्या, फटाके, नाचणारी बाई, दुसऱ्या ग्रुपांवर फॉरवर्ड, "सकाळी कुठे भेटायचं", "लोकेशन द्या". एरवी आम्ही घुबडाचं किंवा घरट्याचं लोकेशन जीव गेला तरी देत नाही, तिथे गर्दी झाली की पक्षी जागा सोडतो, पण माशीमार काय, उडता पाहुणा, दिलं पाठवून. एकाने माझ्यासाठी "शार्प आय" लिहिलं. माझा चष्म्याचा नंबर बघितलाय का त्याने?

सर म्हणाले, ईबर्डवर नोंद तुम्हीच करा, मान तुमचा. हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं काम, २००२ पासून चालू आहे, जगभरची माणसं आपापल्या याद्या टाकतात आणि त्यातून कुठला पक्षी कधी कुठे असतो याचे नकाशे बनतात. मी तैगा निवडला. अॅपने लगेच लाल खूण केली, दुर्मीळ आहे, तपशील लिहा. आणि नुसतं लिहून भागत नाही, पलीकडे खराखुरा माणूस असतो, तो तपासतो. मी लिहिलं, "पक्षी लहान होता." खोडलं. "पक्षी बाभळीवर होता." हे खरं असावं. मग माझ्या डोळ्यांपुढे तो नकाशा आला, अख्ख्या देशाचा, आणि त्यात एकच ठिपका भलत्याच ठिकाणी, कुणीतरी संशोधक दहा वर्षांनी त्याकडे बघून डोकं खाजवतोय, मार्ग बदलला की हवामान बदललं. हवामान काही नाही बाबा, मला भीड पडली. सेव्ह न करता फोन पालथा ठेवला.

रात्री झोप येईना म्हणून स्वतःची समजूत काढत बसलो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट आठवली, लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याला पिवळा डाग, कुणाला ओळखता येईना म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, तिथल्या सचिव मिलार्डसाहेबांकडे गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. म्हणजे त्यांनाही पहिला पक्षी ओळखता आला नव्हताच की! जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं की त्यांच्या हातात निदान चिमणी होती.

सकाळी बाभळीखाली सतरा माणसं. काहींना मी ओळखतही नव्हतो, ते मला ओळखत होते. थंडी अशी की बोलताना वाफ येत होती आणि सगळे न बोलता माझ्याकडे बघत होते, नक्की कुठली फांदी? मी हात सगळ्या झाडावरून फिरवला. "या भागात," म्हणालो.

पावणेसातला ताईंनी डोळे मिटले आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळा निकाल लागला. काकांना या वेळी पान मधे आलं नाही. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर चोचीचा खालचा भाग बुडाशी फिका, पिवळसर, आंधळ्यालाही दिसेल असा. तेवढ्यात दुसरा एक आला, त्याच्या गळ्यावर नारिंगी रंग, म्हणजे प्रश्नच मिटला, कारण तैगाचा नर हिवाळ्यात हा रंग उतरवून ठेवतो, लाल छातीचा ठेवत नाही. सतरा लेन्सा हळूहळू खाली आल्या. कुणी काही बोललं नाही. सर माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काल प्रकाश कमी होता, होतं असं."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग कुणीतरी ओरडलं की तळ्यावर भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, फिरतोय, आणि सगळे तिकडे पळाले. मी मागे राहिलो. बुटाची नाडी सुटली होती हे खरं आहे, शपथ. खाली वाकलो, नाडी बांधली, मान वर केली तर समोर दोन हातांवर, गुडघ्याएवढ्या उंचीच्या काटकीवर तो. दुर्बीण गळ्यात लटकत होती, तिला हात लावायचा धीर झाला नाही. गोल डोकं, मोठा काळा डोळा, पंख जरासे खाली सोडलेले. शेपटी झटकन वर, त्या क्षणी तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकलं, परत खाली. परत वर. जमिनीवरून काहीतरी उचललं आणि त्याच काटकीवर येऊन बसला. चोच उघडली तेव्हा खालचा भाग मला स्वच्छ दिसला. फिका. टिर्रर्र, म्हणाला.

मागून पावलं वाजली. धापा टाकत एक गृहस्थ आले, उशीर झाला म्हणाले, लांबून आलोय, नवीनच आहे या सगळ्यात, आहे का अजून तो?

"हळू," मी कुजबुजलो, "हा काय समोर, खालच्या काटकीवर, शेपटी हलवतोय बघा."

त्यांनी घाईने दुर्बीण डोळ्यांना लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली, मी वाट बघितली, पक्षी सुद्धा कधी नव्हे तो जागेवर बसून राहिला.

"दिसला?"

"हो हो, दिसला! मस्त!"

त्यांच्या दुर्बिणीच्या पुढच्या भिंगांवर दोन्ही झाकणं तशीच होती.